शाळेत लेकराचं औषध : कागद, कपाट आणि दोन माणसं

माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे तिचं शरीर इन्सुलिन बनवत नाही, ते रोज सुईनं द्यावं लागतं. निदान झालं तेव्हा ती तिसरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. आता ती हायस्कुलात आहे. मधल्या काळात सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही शाळा बघून झाल्या, त्यामुळे आमच्या मराठवाड्यात कुणाच्या लेकराला असं काही निघालं की आईबाप मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, शाळेत कसं करायचं?" दवाखान्यात डोस समजावून सांगतात, सुई टोचायला शिकवतात, पण शाळेच्या त्या सहा तासांचं कुणी फारसं बोलत नाही. म्हणून हे लिहून काढतेय.

उदाहरणं बरीचशी मधुमेहाची येतील, कारण तेच मला रोजचं आहे. पण दमा, फिट, थॅलेसेमिया, हृदयाचा त्रास, काहीही असो, शाळेत लावायची व्यवस्था तीच. डोस मात्र या लेखातून कुणी घेऊ नये. तो तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलाच.

एक गोष्ट आधीच सांगते. "आमच्या शाळेतले सर लई चांगले आहेत, ते बघतात सगळं" हे मी अनेकांकडून ऐकते. सर चांगले असतात यात शंका नाही. पण सरांची बदली होते, सर निवडणुकीच्या ड्युटीवर जातात, प्रशिक्षणाला जातात, रजा टाकतात. एका माणसाच्या चांगुलपणावर लेकराचं औषध सोडायचं नाही. खाली जे काही आहे ते सगळं यासाठीच.

१. आधी डॉक्टरांना विचारा: शाळेत औषध लागतंच का?

निम्म्या लोकांचं काम इथेच संपतं. दिवसातून तीनदा गोळी लिहिली की आपण गृहीत धरतो, एक सकाळी, एक शाळेत, एक रात्री. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "दुपारचा डोस शाळा सुटल्यावर दिला तर चालेल का? दिवसातून दोनदाच घ्यायचं औषध मिळेल का?" फिटच्या पुष्कळ औषधांचे डोस सकाळ-रात्र असे बसवता येतात. दम्याचा रोजचा पंपही घरीच घ्यायचा असतो. शाळेत ठेवावा लागतो तो फक्त धाप लागल्यावर लगेच ओढायचा पंप.

शाळेत खरंच लागणाऱ्या गोष्टी थोड्या असतात: जेवणाआधीचं इन्सुलिन, साखर तपासायचं मीटर, दम्याचा तातडीचा पंप, फिट थांबली नाही तर द्यायचा नाकातला स्प्रे, आणि डॉक्टरांनी दुपारीच द्या असं बजावलेली एखादी गोळी. बाकी सगळं घरी ठेवा. शाळेत जितकं कमी, तितका घोळ कमी.

२. कागद जमवा

मुख्याध्यापकांकडे जायच्या आधी हे हातात हवं:

- डॉक्टरांचं पत्र. त्यात आजाराचं नाव, औषधाचं नाव, किती, कधी आणि काय झालं तर काय करायचं. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. घाटी (संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय), अंबाजोगाई, नांदेड किंवा लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात उपचार चालू असतील तर ओपीडीच्या दिवशीच मागून घ्या. नुसतं पत्र आणायला परत एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते.
- ताज्या चिठ्ठीची झेरॉक्स.
- तुमचं संमतीपत्र (नमुना खाली दिलाय).
- दोन फोन नंबर. एक तुमचा, दुसरा गावातच असणाऱ्या कुणाचा तरी. दोन्ही नंबर नवरा-बायकोचे आणि दोघंही रानात, असं होऊ देऊ नका. आमच्याकडे शिवारात रेंज कुठे असते?
- थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया (हे रक्ताचे जन्मजात आजार) असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हे तिन्ही येतात. पुढे परीक्षेत आणि शिष्यवृत्तीत त्याचा उपयोग होतो. टाइप १ मधुमेह त्या यादीत नाही, त्यासाठी डॉक्टरांचं पत्रच चालवावं लागतं.

पत्र इंग्रजीत असलं तर खाली मराठीत चार ओळी लिहून घ्या. डॉक्टरांना वेळ नसेल तर तिथल्या सिस्टरना विनंती करा. शाळेत ते पत्र ऐन घाईच्या वेळी वाचलं जाणार आहे.

संमतीपत्र साध्या कागदावर चालतं:

"मा. मुख्याध्यापक यांस, माझा पाल्य (नाव, इयत्ता) यास (आजार) आहे. डॉक्टरांच्या सोबत जोडलेल्या पत्रानुसार शाळेच्या वेळेत (औषध, वेळ) घेण्यास मदत करावी, अशी विनंती. औषध आम्ही पुरवू. डोस बदलल्यास लेखी कळवू. तातडीच्या वेळी १०८ ला फोन करून जवळच्या दवाखान्यात नेण्यास माझी संमती आहे."

खाली सही, तारीख, दोन्ही फोन नंबर. दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर 'मिळाले' म्हणून सही-शिक्का घ्या. याला लाजू नका. शिक्षकांनाही अशा कागदामुळे धीर येतो. उद्या कुणी "तुम्ही का दिलं औषध?" म्हणून विचारलं तर त्यांच्या हातात काहीतरी असतं.

३. मुख्याध्यापकांना भेटा, पण पहिल्या दिवशी नाही

शाळा उघडते त्या दिवशी प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप, गणवेश यांची गर्दी असते. तेव्हा तुमचं बोलणं कानावर पडेल, डोक्यात राहणार नाही. तीन-चार दिवस जाऊ द्या. दुपारनंतर जा, वर्गशिक्षकांनाही बोलवायला सांगा आणि लेकराला सोबत न्या.

बोलताना मागणी छोटी ठेवा. "लेकराकडे लक्ष द्या" असं म्हटलं की सगळे "हो हो" म्हणतात आणि नेमकं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. त्याऐवजी असं सांगा: सव्वाबाराला तिला वर्गाबाहेर जाऊ द्यायचं, ती स्वतः साखर तपासेल, आकडा मॅडमना दाखवेल, वहीत लिहील. एवढंच.

दोन माणसं नावानिशी ठरवून घ्या. एक वर्गशिक्षक. दुसरी व्यक्ती अशी, जी रोज शाळेत असतेच. आमच्या जुन्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या. मोठ्या शाळेत शिपाई मामा किंवा क्लार्क. मावशींना एकदाच दाखवलं होतं आणि त्या कुठल्याही सरांपेक्षा पक्क्या निघाल्या, कारण लेकराचा उतरलेला चेहरा त्यांना लांबून कळायचा.

शिक्षकांनी इंजेक्शन द्यावंच असा हट्ट धरू नका. त्यांना भीती वाटते आणि ती खोटी नाही. लेकरू स्वतः सुई घेण्याइतकं मोठं होईपर्यंत दुपारच्या सुईचं वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्या, किंवा घरातलं कुणीतरी दुपारी जा. शिक्षकांकडून चार गोष्टी मात्र हक्कानं मागा: वेळेवर बाहेर सोडणं, पाणी आणि लघवीला कधीही जाऊ देणं, साखर कमी झाली तर गोड देणं, आणि बरं नसताना एकट्याला घरी न पाठवणं.

ही शेवटची गोष्ट दोनदा सांगा. "पोट दुखतंय म्हणाली, म्हणून पाठवून दिलं घरी" हे आपल्याकडे सर्रास चालतं. साखर उतरलेलं लेकरू अर्ध्या वाटेत, बांधावर पडू शकतं.

४. एका पानाचं कार्ड करा

डॉक्टरांचं पत्र फाइलीत जाणार. रोज उपयोगी पडणार ते हे कार्ड. जाड पुठ्ठा, मोठी मराठी अक्षरं, वरून लॅमिनेशन. एक वर्गाच्या कपाटाच्या दाराला आतून, एक ऑफिसात, एक दप्तरात. आमच्या कार्डावर हे असं आहे:

*घाम, हात थरथरणं, एकदम गप्प होणं, उगाच चिडणं, डोळ्यांपुढे अंधारी:* साखर तपासा. मीटर सापडत नसेल तर तपासायची वाट न बघता गोड द्या.

*७० च्या खाली:* ३ छोटे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात. बसवून ठेवा. १५ मिनिटांनी परत तपासा. अजून कमी असेल तर परत तेवढंच. वर आली की बिस्किट किंवा पोळी. आईला फोन.

*बेशुद्ध किंवा झटके:* तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा. १०८. मग आईला फोन.

*खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास:* साखर खूप वाढलेली असू शकते. लगेच आईला फोन, थेट दवाखाना.

लेकरू लहान असेल तर साखरेचं प्रमाण कमी लागतं, तो आकडा डॉक्टरांकडून भरून घ्या. आणि चॉकलेटनं काम भागवू नका. त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात चढायला वेळ लागतो. साधी साखर किंवा ग्लुकोज पावडर बरी.

फिटच्या लेकराचं कार्ड वेगळं असेल: कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर किंवा ओढणी, घड्याळ बघा, ५ मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी दिलेला स्प्रे आणि १०८. त्याखाली ठळक अक्षरात लिहा: 'कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा नको.' लिहिलं नाही तर कुणीतरी चप्पल घेऊन धावणारच, हे नक्की. दम्यासाठी: आडवं न करता बसतं ठेवा, पंप स्पेसरमधून (पंपाला लावायची प्लास्टिकची नळी) डॉक्टरांनी सांगितले तितके वेळा द्या, एक वाक्यही सलग बोलता येत नसेल तर १०८.

५. औषध ठेवायचं कुठे

मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकातल्यापेक्षा अवघड आहे. मार्चपासून पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट तापतं. बाहेर पारा ४२ वर असताना त्या कपाटात गोळ्यांचं आवरण चिकट होतं, मग इन्सुलिनचं तर विचारूच नका.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवतात, म्हणजे घरच्या फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण सावलीत आणि गारव्यात. शाळेत फ्रिज नसतो, असला तरी वीज कुठे दिवसभर असते? आमची युक्ती मातीच्या भांड्यांची. मोठ्या कुंडीत ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, मडक्यात कोरड्या डबीत बाटली, वरून ओलं फडकं. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळे हे चांगलं चालतं. वाळू रोज ओली करायची जबाबदारी मुलांनी आपणहून घेतली होती. बर्फाची पिशवी थेट बाटलीला लावू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं, परत वितळलं तरी ते कामाचं नाही. पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं ते गढूळ झालं किंवा आत कण दिसले तरी टाकून द्या. दुधाळ असतं ते इन्सुलिन वेगळं, ते तसंच असतं.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट, आणि इन्सुलिनच्या पेनातलं १०० युनिटचं. ४० साठीच्या सिरिंजला लाल टोपण, १०० साठीच्या सिरिंजला नारिंगी. पेनाच्या काडतुसातलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढलं तर अडीच पट डोस जातो. मेडिकलवाला घाईत कुठलीही सिरिंज हातात देतो. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग लेकरालाच ओळखायला शिकवा. सहावी-सातवीतलं पोर हे आपल्यापेक्षा लवकर शिकतं.

वापरलेल्या सुया कचऱ्याच्या टोपलीत जाऊ देऊ नका. झाडणाऱ्या मावशींच्या हाताला लागतात. जाड प्लास्टिकची डबी ठेवा, भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद करून प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या.

दप्तरातल्या पिशवीत कायम असू द्या: मीटर, पट्ट्या (डबीचं झाकण घट्ट), सुया, साखरेची पुडी, बिस्किटाचा पुडा, कार्ड. साखर तपासायच्या आधी हात धुवायला लावा. बोटाला गूळ किंवा आंबा लागलेला असला की मीटर भलताच आकडा दाखवतं आणि शाळेत सगळे घाबरतात.

६. खिचडी आणि सुई यांची वेळ

शालेय पोषण आहाराची खिचडी चांगली असते, लेकरानं सगळ्यांबरोबर बसून खावी. पण तिच्यावर विसंबू नका. गॅस संपला, मावशी आल्या नाहीत, तांदूळ पोचला नाही, अशा दिवशी खिचडी दीड वाजता येते किंवा येतच नाही.

सरकारी दवाखान्यात मिळणारं साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायचं असतं. म्हणजे लेकरू घड्याळ बघून सुई घेतं आणि मग अन्नच येत नाही. साखर उतरण्याची घटना शाळेत घडते ती बहुतेक अशीच. आमचा नियम साधा आहे: डबा दप्तरात असेल तरच सुई. खिचडी वेळेवर आली तर डब्यातली भाकरी परत येऊ दे, घरी कुणीतरी खाईल. दुसऱ्या प्रकारचं, लगेच काम सुरू करणारं इन्सुलिन असेल तर ताट समोर आल्यावरच टोचायचं. तुमचं कुठलं ते डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहा.

खिचडीचं मापही ठरवा. एक वाटी शाळेत नेऊन ठेवा आणि मावशींना सांगा, "हिला या वाटीनं दोन." पळीनं वाढलं की रोज वेगळं होतं. कोणी प्रेमानं जास्त वाढतं, कोणी घाईत कमी. आणि गुळाची चिक्की किंवा शिरा असेल त्या दिवशी तिला एकटीला बाजूला बसवून "तुला नाही" म्हणू नका, हेही सांगा. किती खायचं आणि सुई किती वाढवायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. ताटावरून उठवलेलं लेकरू मग चोरून खातं आणि चोरून खाल्लेल्याचा हिशेब कुठल्याच वहीत येत नाही.

७. नेहमीपेक्षा वेगळे दिवस

रोजचं बसलं की आपण निर्धास्त होतो. घोळ होतो तो या दिवशी:

शनिवार आणि उन्हाळ्यातली सकाळची शाळा. वेळ बदलली की नाश्ता, डोस, तपासणी सगळं अलीकडे सरकतं. मार्चमध्ये सकाळच्या शाळेची नोटीस लागली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करून नवं वेळापत्रक घ्या आणि कार्ड बदला.

झेंडावंदन. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि आपला १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. पहाटे उठायचं, उपाशीपोटी प्रभातफेरी, मग पाहुणे येईपर्यंत रांगेत उभं. मधुमेहाचंच नव्हे, अशक्त कुठलंही लेकरू इथं चक्कर येऊन पडतं. खाऊन पाठवा, खिशात साखर द्या, आणि तिला रांगेच्या टोकाला सावलीत उभं करा असं आदल्या दिवशी सांगा.

खेळ. खो-खो, कबड्डीच्या आधी साखर तपासायची, गरज असेल तर आधी काहीतरी खायचं. खेळ बंद करू नका. आजाराचं नाव काढलं की क्रीडाशिक्षक लेकराला स्कोअर लिहायला बसवतात. तसं करायची गरज नाही हे डॉक्टरांकडून पत्रात लिहून घ्या.

सहल. औषधाची पिशवी एसटीच्या डिकीत किंवा टपावर नाही, लेकराच्या मांडीवर. अर्धी औषधं सोबतच्या मॅडमकडे, म्हणजे एक पिशवी हरवली तरी दिवस निभतो.

उपास. आषाढीची शाळेची दिंडी, नवरात्र, महाशिवरात्र. पोरी एकमेकींचं बघून उपास धरतात. इन्सुलिन घेणाऱ्या लेकरानं उपाशी राहायचं नाही, आणि आजीनं "देवाचं आहे, काही होत नाही" म्हटलं तरी नाही. त्याच जातीचा दुसरा धोका म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावरून कारल्याचा रस सुरू करून इन्सुलिन बंद करणं. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन बनवतच नाही, बंद केलं तर लेकराच्या जिवावर बेततं. शाळेतले शिक्षकही कधीकधी असा सल्ला देतात. त्यांना चांगल्या शब्दांत पण तिथल्या तिथं थांबवा.

८. शाळेत वाटल्या जाणाऱ्या गोळ्या

याकडे पालकांचं लक्षच नसतं. जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. आठवड्याला लोहाची गोळी असते, पहिली ते पाचवीला गुलाबी, त्यापुढे निळी. बहुतेक लेकरांसाठी दोन्ही चांगल्या आहेत, नाही म्हणू नका. पण काहींच्या बाबतीत आधी विचारावं लागतं.

थॅलेसेमियाच्या लेकराच्या अंगात वरचेवर रक्त चढवल्यानं लोह आधीच साठलेलं असतं. त्याला लोहाची गोळी द्यायची नाही. सिकलसेलच्या लेकराचंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. किनवट-माहूरकडे सिकलसेल जास्त दिसतो, तिथल्या शाळांनी तर हे वर्गाच्या यादीतच लाल शाईनं लिहून ठेवावं. फिट येणाऱ्या लेकराला जंताची गोळी देण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी ताप असेल, दुसरं औषध चालू असेल तर गोळी पुढच्या फेरीला घेता येते. हे सगळं आधीच वर्गशिक्षकांना लेखी द्या, कारण वाटपाच्या दिवशी सगळ्यांना ओळीनं गोळ्या देत जातात.

लोहाची गोळी उपाशीपोटी नाही, जेवणानंतर. शी काळी होते, त्याला घाबरायचं कारण नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी, म्हणजे तपासणीचं पथक, वर्षातून एकदा तरी शाळेत येतं. ही योजना २०१३ पासून आहे. त्यात डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात, ० ते १८ वर्षांची लेकरं तपासतात आणि गरज असेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याला पाठवतात. तारीख मुख्याध्यापकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी फाइल घेऊन स्वतः हजर राहा. दमा, फिट, हृदयाचा त्रास, कान-डोळे, दात यांच्या बाबतीत पुढचा उपचार मोफत होण्याचा रस्ता इथूनच निघतो.

९. वर्गातल्या मुलांना सांगायचं का?

सांगायचं. लपवलं की "ती इंजेक्शन घेते" याची भलती गोष्ट होते. मुलीच्या बाबतीत घरचे "पुढं लग्नाचं अवघड होईल" म्हणून तोंड बंद ठेवतात, मी समजू शकते, पण शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला माहीत नसेल तर साखर उतरल्यावर हाक कोण मारणार? मॅडमनी पाच मिनिटं वर्गात सांगितलं तरी पुरे: हा लागणारा आजार नाही, जास्त गोड खाऊन झालेला नाही, आणि ती गप्प झाली की लगेच मला सांगा.

१०. घर ऊसतोडीला जात असेल तर

बीड, धाराशिव, जालना, परभणीतल्या कितीतरी घरांसाठी हीच खरी अडचण आहे. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते, आईबाप जातात, लेकरू आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतं.

लेकरू मागे राहणार असेल तर जायच्या आधी संमतीपत्रावर आजीचं किंवा मामाचं नाव आणि अंगठा घालून घ्या. आजीला वाचता येत नसेल तर पुड्यांवर सूर्य-चंद्राची चित्रं काढून द्या. औषध पुरेसं ठेवा आणि संपायच्या आत कोण आणणार ते ठरवा. आशाताईंच्या कानावर घाला. वसतिगृह असेल तर रात्री तिथं कोण असतं ते विचारून त्याच माणसाला कार्ड समजावून सांगा, दिवसाच्या माणसाला सांगून भागत नाही.

लेकरू सोबत जाणार असेल तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळतं, त्यालाच डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स टाचून न्या. तिकडच्या शाळेत पहिल्याच दिवशी दोन्ही दाखवा. फडाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं ते मुकादमाला विचारून ठेवा. इन्सुलिनचं मडकं कोपीत (झोपडीत) सावलीच्या बाजूला. चिठ्ठी नसली तर मेडिकलवाला औषध देत नाही, ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पैशांसोबत ठेवा.

११. परीक्षा

वर्गातल्या परीक्षेला मुख्याध्यापकांची परवानगी पुरते. दहावी-बारावीला केंद्र दुसऱ्या शाळेत जातं, तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही आणि भरारी पथक मीटरला मोबाइल समजू शकतं. सीबीएसईनं २०१७ मध्ये टाइप १ च्या विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ आणि पाणी परीक्षेत न्यायची परवानगी दिली. राष्ट्रीय बाल हक्क आयोगानंही २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून शाळेत आणि परीक्षेत अशा मुलांना सुई, तपासणी आणि खाणं यांची मुभा द्या असं सांगितलं. आपल्या राज्य मंडळासाठी अर्ज मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे करा. लातूर, धाराशिव, नांदेडसाठी लातूर विभाग, मराठवाड्यातल्या बाकी पाच जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगर. अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच करा. हॉलतिकीट हातात आल्यावर धावाधाव करू नका. परवानगीची प्रत केंद्रसंचालकांना पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी नेऊन दाखवा.

१२. शाळा ऐकत नसेल तर

एका शाळेत आम्हाला "जबाबदारी नको, लेकराला घरीच ठेवा" असं तोंडावर सांगितलं होतं. भांडून उपयोग झाला नाही, लेखी मागितल्यावर झाला. "हेच मला लिहून द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी सूर बदलतो. नाहीच बदलला तर अर्ज केंद्रप्रमुखांकडे, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे, प्रत्येक वेळी पोच घेऊन. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांच्या बैठकीत विषय ठेवा. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनाही भेटा, शाळेशी बोलायची त्यांना सवय असते. अगदीच टोकाला गेलं तर १०९८, मुलांसाठीची मदतवाहिनी.

१३. दर जूनला पुन्हा पहिल्यापासून

वर्गशिक्षक बदलतात, बदल्या होतात, लेकराचं वजन वाढतं आणि डोसही. म्हणून दर जूनला नवं पत्र, नवं संमतीपत्र, नवं कार्ड आणि दोन माणसांशी नव्यानं बोलणं. चौथी किंवा सातवीनंतर शाळा बदलत असेल तर दाखल्यासोबत जुन्या वर्गशिक्षकांचा नंबर नव्या मॅडमना द्या. अर्ध्या तासाच्या फोनवर जुने वर्गशिक्षक जे सांगतील ते कुठल्याच फाइलीत नसतं. वर्षाच्या मध्ये डोस बदलला तर त्याच दिवशी तिन्ही कार्डं बदला आणि कपाटातलं, ऑफिसातलं, दप्तरातलं जुनं कार्ड आपल्या हातानं काढून फाडा. दोन वेगवेगळे डोस लिहिलेले दोन कागद एकाच शाळेत राहू देऊ नका.